चप्पल कधी निसटली ते कळत नाही: मानेची गादी, एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तुमचे थोरले भाऊ, वय ४९, एसटीत चालक, वीस वर्षं घाटातल्या गाड्या चालवतात. सात आठवड्यांपासून मानेतून उजव्या हातात सणक जाते, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, रात्रीची झोप गेली आहे. हात डोक्यावर ठेवला की जरा बरं वाटतं. एमआरआय झाला. अहवालात सी-५–सी-६ ला (मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामध्ये) उजवीकडे झुकलेलं डिस्क प्रोट्रूजन (गादीचा मागे आलेला भाग), 'थिकल सॅकवर दाब', सी-४–सी-५ आणि सी-६–सी-७ ला बल्ज (गादीचा फुगवटा), मानेचा बाक सरळ झालेला. एक डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर लकवा होईल. दुसरे म्हणाले, कृत्रिम गादी बसवू. तिसरे म्हणाले, काही हात लावू नका, पट्टा घाला. घरातलं कुणी तेलाच्या मालिशसाठी केरळला न्यायचं म्हणतंय. दादा माळकरी, दहा वर्षांचा मधुमेह. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं वाक्य: 'हल्ली त्याची चप्पल पायातून कधी निसटते ते त्याला कळत नाही, शर्टाची बटणं वहिनीच लावून देते, पण ते शुगरमुळे असेल.'

ते शेवटचं वाक्य वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घरातल्या सगळ्यांचं लक्ष हाताच्या कळेवर आहे, आणि ते साहजिक आहे, कारण माणूस रात्रभर कण्हतोय. पण त्या कळेला थांबायला वेळ आहे. चप्पल आणि बटणं यांना वेळ नाही. म्हणून तुम्ही विचारलेल्या 'ऑपरेशन करायचं का आणि कोणतं' या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: दबलंय काय, नस की मज्जारज्जू? तिन्ही डॉक्टरांची मतं वेगळी दिसतात, त्याचं अर्धं कारण बहुधा हेच आहे. हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नसावा, आणि तुम्हीही चपलेची गोष्ट त्यांना सांगितली नसावी.

मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या असतात. दोन मणक्यांमध्ये गादी. बाहेरून चिवट तंतूंची वेटोळी, आत ओलसर गर. 'गादी सरकली' असं आपण म्हणतो, पण गादी सरकत नाही. ती फुगते, नाहीतर तिचं वेटोळं फाटून गर मागे येतो. तो गर बाजूला आला तर नसेच्या तोंडाशी अडतो, मधोमध आला तर मज्जारज्जूवर टेकतो. सी-५ आणि सी-६ च्या मधून सहावी नस बाहेर पडते, आणि अंगठा व तर्जनी हा तिचाच मुलूख. हात डोक्यावर ठेवल्यावर नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून आराम पडतो. एकूण काय, दादांच्या हाताची कळ, मुंग्यांची बोटं आणि एमआरआयमधली उजवीकडची गादी यांचं एकमेकांशी छान जुळतं. कळेचं कोडं सुटलेलं आहे.

चपलेचं सुटलेलं नाही. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या आणि तिकडून परत येणाऱ्या तारांची जाड दोरी. ती दबली की गंमत म्हणजे फारसं दुखत नाही. त्यामुळेच लोक उशिरा येतात. चालताना जमीन गादीसारखी लागते, जिना उतरताना कठड्याला हात जातो, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, सही बदलते, नाणी मोजता येत नाहीत, बटणं लागत नाहीत. आम्ही चपलेबद्दल नेहमी दोन प्रश्न विचारतो: निसटते ती कळून निसटते की न कळता? कळून निसटत असेल तर बहुधा पायात जोर कमी आहे. न कळता निसटत असेल तर पाऊल कुठे आहे ही बातमीच वर पोहोचत नाही. तुमच्या दादांची दुसरी तऱ्हा.

माझ्याकडे एक शिंपीकाका आले होते. दोन्ही हातांना मुंग्या, सुईत दोरा ओवता येईना. मनगटात नस दबली असं समजून दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. फरक शून्य. मी त्यांना फक्त दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. पाय ताठ आणि फाकवून टाकत होते. मानेचा एमआरआय तेव्हा पहिल्यांदा झाला. मज्जारज्जू दोन ठिकाणी चेपलेली. शस्त्रक्रियेनंतर चाल सुधारली, पण सुई काही हातात पुन्हा नीट बसली नाही. दोन वर्षं आधी कुणी चालायला लावलं असतं तर कदाचित बसली असती.

आता तुमची शंकाही बाजूला टाकत नाही. दहा वर्षांच्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात, आणि चप्पल न कळता निसटणं हे त्याचंही नेहमीचं लक्षण आहे. शिवाय माळकरी माणूस, म्हणजे कट्टर शाकाहारी. जोडीला मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व खाली गेलेलं असण्याची शक्यता बरीच. बी-१२ ची तीव्र कमतरता थेट मज्जारज्जूच्या मागच्या भागालाच इजा करते आणि एमआरआयवरही तिथे पांढरी रेघ उमटवते. तेव्हा बी-१२, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड या रक्ततपासण्या उद्याच करून घ्या. यांपैकी दोन आजार एकाच माणसात असणं आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे बी-१२ कमी निघालं म्हणून मान निर्दोष सुटत नाही.

हे वेगळं करायला महागडं यंत्र लागत नाही, रबरी हातोडी लागते. हातोडी मारली की पाय आपोआप उडतो, तो झटका. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर घोट्याचा झटका मंद होतो किंवा जातो. मज्जारज्जू दबली असेल तर गुडघ्याचे झटके उसळतात, तळव्यावर किल्ली ओढल्यावर पायाचा अंगठा खाली न जाता वर उठतो, मधल्या बोटाचं नख टिचकावलं की हाताचा अंगठा आपोआप आत वळतो. हे डॉक्टर बघतील. तुम्ही घरी एवढं करा: दादांना दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायला आणि मिटायला सांगा. धडधाकट माणूस वीसच्या आसपास करतो. मग फरशीच्या रेघेवर टाचेला बोट लावत दहा पावलं चालायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहून. दोन्हींचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं का, तेही विचारा. सर्जनकडे जाताना एमआरआयच्या आधी हा व्हिडिओ दाखवा.

एमआरआयकडे वळू. तुम्ही अहवालातली ओळ न् ओळ टाइप करून पाठवलीत. त्यातली निम्मी वाचून घाबरण्यासारखी नाहीत. 'मानेचा बाक सरळ झालाय' हे स्नायू आखडल्याने किंवा नुसतं यंत्रात उताणं झोपल्यानेही दिसतं. 'डिसिकेशन' म्हणजे गादीतलं पाणी कमी झालं, म्हणजे वय झालं. 'बल्ज' तर इतका सामान्य आहे की मी तो शब्द पेनने खोडून दाखवतो. जपानमध्ये १,२११ निरोगी, काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली होती. मज्जारज्जूवर दाब मात्र ५.३ टक्क्यांतच. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, अहवाल कसा वाचायचा ते त्यात आलं. गादी फुगणं हे केस पिकण्यासारखं आहे. मज्जारज्जू चेपणं तसं नाही, जरी ज्याची चेपलेली दिसते अशा प्रत्येकाला त्रास असतोच असंही नाही.

'थिकल सॅकवर दाब' हा शब्द लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. थिकल सॅक म्हणजे मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी. पिशवीला बोट लागणं वेगळं आणि आतल्या दोरीला लागणं वेगळं. तुमच्या अहवालात दोरीबद्दल एक शब्द नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. म्हणून मला अहवाल नको, फिल्म किंवा सीडी हवी. टी-टू नावाच्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं आणि मज्जारज्जू राखाडी. आडव्या कापांमध्ये दोरीच्या पुढे-मागे पांढरी कड शिल्लक आहे का, दोरी गोलसर आहे की घेवड्याच्या दाण्यासारखी दबली आहे, आणि तिच्या आत पांढरा डाग पडलाय का, या तीन गोष्टी बघायच्या असतात. उभ्या कापांवर फसायला होतं. बाजूला आलेली गादी त्यांत निसटते, नाहीतर उगाच मोठी दिसते.

पुन्हा एमआरआय करायचा का, असं तुम्ही विचारलंय. दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रावर झाला असेल आणि चित्रं हललेली नसतील तर नको. कमी ताकदीच्या 'ओपन' यंत्रावर झाला असेल तर नसेची भोकं नीट दिसत नाहीत, मग एकदा चांगल्या यंत्रावर करावा. शिरेतून औषध टोचून करायची गरज आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, किंवा गाठ, जंतुसंसर्ग यांची शंका असेल तरच. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भरपूर आहे. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर तसं आवर्जून सांगा. दादांना यातलं काही दिसत नाही. 

एक तपासणी मात्र राहिलीय आणि ती सगळ्यात स्वस्त आहे: उभं राहून काढलेला साधा एक्स-रे, मान पुढे वाकवून आणि मागे झुकवून. एमआरआय आडव्या, निवांत माणसाचा फोटो असतो. उभ्या माणसाचा मणका वाकल्यावर पुढे घसरतो का, हे त्यात कळत नाही. शस्त्रक्रिया ठरलीच तर काही जणांना सीटी स्कॅनही लागतो. गादीच्या मागचा लांब पट्टा कधी कधी हाडासारखा कडक होतो, आणि एमआरआयवर तो मऊ गादीसारखाच काळा दिसतो. मऊ गादी समजून पुढून गेलं आणि हाडाचा पट्टा मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेला निघाला, तर सर्जनची आणि पेशंटची दोघांचीही परीक्षा होते.

चित्र आणि माणूस यांची सांगड न घातल्याने काय होतं हे मी स्वतः करून बसलोय. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती. एका गृहस्थांचा खांदा दुखायचा, एमआरआयमध्ये सी-४–सी-५ ला गादी. मी शस्त्रक्रिया केली, सुरेख झाली, फोटो बघण्यासारखे होते. सहा आठवड्यांनी ते म्हणाले, 'डॉक्टर, हात वर करताना अगदी तस्संच दुखतंय.' दुखत होता तो खांद्याचाच सांधा. मी खांदा कधी फिरवून बघितलाच नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे मानेचा पेशंट आला की आधी त्याचा शर्ट काढून खांदा तपासला जातो.

समजा तपासणीत मज्जारज्जू निर्धोक निघाली आणि चपलेचं खापर साखर किंवा बी-१२ वर फुटलं. मग दादांना फक्त नसेचा त्रास आहे, आणि त्याचा स्वभाव बरा होण्याचा आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टर गावात अशा ५६१ रुग्णांचा मागोवा घेतला होता. साधारण चौथ्या हिश्शाला शस्त्रक्रिया लागली, आणि शेवटच्या भेटीत दहातले नऊ जण ठणठणीत किंवा किरकोळ त्रासात होते. स्वीडनमध्ये ८१ रुग्णांत शस्त्रक्रिया, व्यायाम आणि पट्टा यांची तुलना झाली, १९९७ साली. चार महिन्यांना शस्त्रक्रियावाले कळेच्या बाबतीत पुढे होते, वर्ष-सव्वा वर्षाने तिघांत ठोस फरक उरला नाही. म्हणजे शस्त्रक्रिया इथे मुख्यतः वेळ विकत घेते. ज्याला झोप नाही त्याच्यासाठी तो वेळ मोलाचा असतो, हे मी नाकारत नाही. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण गादी फाटून मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर तो आपोआप विरघळून लहान होण्याची शक्यता जास्त असते. शरीर त्याला परका समजून खाऊन टाकतं.

पट्ट्याबद्दल तिसऱ्या डॉक्टरांचं अर्धं बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली त्रास नुकताच सुरू झालेल्या २०५ रुग्णांवर अभ्यास झाला. तीन आठवडे पट्टा आणि विश्रांती, किंवा सहा आठवडे व्यायाम, दोन्ही नुसतं बसून वाट बघण्यापेक्षा सहा आठवड्यांना सरस ठरले. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखे. तेव्हा पट्टा तीन आठवडे, मग हळूहळू सोडवायचा. महिनोन्महिने घातला तर मान दुबळी होते. औषधांत मज्जातंतूंच्या कळेवरच्या गोळ्या, थोडे दिवस सूज उतरवणाऱ्या. स्टेरॉइडचा छोटा कोर्स कुणी दिला तर साखरेकडे डोळे लावून बसा. मानेत नसेजवळ इंजेक्शन देता येतं, पण तिथून मेंदूकडे जाणारी धमनी हाकेच्या अंतरावर असते. अपघात क्वचित होतो, झाला तर भयंकर होतो, म्हणून मी ते कमरेइतक्या सहज देत नाही. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर ती आजपासून बंद. केरळच्या तेलाला माझी ना नाही, मानेला झटका देणाऱ्या हातांना आहे.

समजा उलटं निघालं. झटके उसळलेले, मूठ दहा सेकंदांत बारा वेळाच उघडली, चित्रात दोरी चेपलेली. मग व्यायाम आणि पट्टा यांत वेळ घालवू नये. जपानी ऑर्थोपेडिक संघटनेच्या मोजपट्टीचं सुधारलेलं रूप आम्ही वापरतो, एकूण गुण १८. हात, पाय, संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांचे गुण त्यात मोजतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १४ किंवा त्याखाली गुण असतील तर शस्त्रक्रियाच सांगितली आहे. १५ ते १७ असतील तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम, आणि घसरण दिसली की शस्त्रक्रिया. मज्जारज्जूचा हा आजार पायऱ्या उतरतो. काही महिने एका पायरीवर थांबतो, मग अचानक एक पायरी खाली. वर परत किती चढेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू उतरणं थांबवणं हा असतो, सुधारणा हा वरचा नफा. म्हणून पहिल्या डॉक्टरांचं 'आठ दिवसांत, नाहीतर लकवा' हे वाक्य मला आवडलं नाही, तरी त्यांनी काही पाहिलं असेल ही शक्यता मी सोडत नाही. लगेच कोसळेल असं सहसा नसतं. आठवडे मोजायचे, तास नाही. फक्त या काळात पडणं टाळायचं. अरुंद झालेल्या मानेला दुचाकीवरून एक साधी पडझडसुद्धा दोन्ही हात लुळे करू शकते.

आता शस्त्रक्रिया. सगळ्यात जास्त होते ती पुढून, गळ्याच्या बाजूने. १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉर्ज स्मिथ आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी आणि त्याच वर्षी होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी आपापल्या पद्धती सविस्तर मांडल्या, आणि आजही आम्ही त्याच वाटेने जातो. गळ्याच्या घडीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद, एकीकडे श्वासनलिका आणि अन्ननलिका, दुसरीकडे मानेची मोठी धमनी, त्यांच्या मधल्या नैसर्गिक फटीतून थेट मणक्यावर. जाड स्नायू कापावा लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गादी पूर्ण काढायची, मागे आलेला गर आणि हाडाचं टोक काढून दोरी आणि नस मोकळी करायची, रिकाम्या जागी हाडाचा चुरा भरलेला केज (छोटा पोकळ ठोकळा) ठेवायचा, बहुतेकदा प्लेट-स्क्रू लावायचा. पूर्वी कमरेचं हाड काढून घालायचे. मानेपेक्षा कंबरच जास्त दिवस दुखायची. पेशंट त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. हाताची कळ दहातल्या आठ-नऊ जणांची जाते, कधी कधी शुद्धीवर येतानाच.

त्रास काय होतात तेही ऐका. काही दिवस ते काही आठवडे गिळताना अडखळणं नेहमीचं आहे, भाकरी चुरून खावी लागते. आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो. गळ्यात रक्त साठून श्वास कोंडणं दुर्मीळ, पण पहिल्या रात्री नर्सने त्यासाठीच वारंवार यायचं असतं. खांदा उचलणारी पाचवी नस काही जणांत, विशेषतः मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेनंतर, काही महिने रुसते. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती, ते हातपाय जाणं, एक टक्क्याच्या बरंच आत आहे, शून्य नाही. हाड न जुळण्याचं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण तंबाखू. सिगारेट नाही म्हणून लोक निश्चिंत असतात आणि दाढेखाली चुना-तंबाखूची गोळी असते. बायकांत मिश्री. निकोटिन तेच. दादा माळकरी आहेत, पण लांब पल्ल्याच्या चालकांना मी तरीही विचारतो.

कृत्रिम गादीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. हाड जुळवलं की त्या जोडाची हालचाल गेली, शेजारच्या गाद्यांवर भार आला. १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशा रुग्णांपैकी दर वर्षी २.९ टक्क्यांना शेजारच्या जोडाचा नवा त्रास सुरू होताना दिसला, दहा वर्षांत साधारण चौथ्या हिश्शाला. त्यातला किती दोष जुळवण्याचा आणि किती वयाचा, हे भांडण अजून चालू आहे. हलणाऱ्या गादीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये पहिली मान्यता दिली. पुढच्या चाचण्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण कमी दिसलं, मात्र त्या मान्यतेच्या चाचण्या उत्पादक कंपन्यांनीच चालवलेल्या होत्या, हे विसरू नका. मी ती वापरतो: तरुण किंवा मध्यमवयीन माणूस, एक किंवा फार तर दोन जोड, गादी मऊ, मागचे सांधे झिजलेले नाहीत, हाडं मजबूत. झिजून आखडलेल्या मानेत ती बसवली तर वर्ष-दोन वर्षांत तिच्याभोवती हाड वाढून तीही जाम होते. मग एवढे पैसे मोजून मिळालं तेच, जे केजने मिळणार होतं. काही धातूंच्या गाद्या पुढच्या एमआरआयवर काळी सावली पाडतात, टायटॅनियमची कमी. हे आधी विचारून घ्या.

मागूनही जाता येतं. गर अगदी बाजूला, फक्त नसेच्या भोकात असेल तर मागून लहान खिडकी करून नस मोकळी करतात. केज नाही, प्लेट नाही, जोड हलता राहतो. नेदरलँड्समधल्या अलीकडच्या तुलनेत ही पद्धत पुढच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडली नाही. 'दुर्बिणीने होतं का' असं सगळे विचारतात. होतं ते बहुधा इथेच, आणि दुर्बिणीपेक्षा ती धरणाऱ्या हाताचा सराव महत्त्वाचा. लेझरने गादी जाळण्याच्या जाहिरातींकडे मी दुर्लक्ष करतो. तीन-चार जोडांवर दोरी दबली असेल आणि मानेचा बाक शाबूत असेल तर मणक्याची मागची कमान बिजागरीच्या दारासारखी उघडतात. १९७० च्या दशकात जपानच्या हिराबायाशी यांनी ही युक्ती रूढ केली. बाक उलटा झाला असेल तर दार उघडून उपयोग नाही, दोरी पुढच्या हाडावरच ताणलेली राहते.

आपल्या मुंबईतलाही एक वेगळा विचार आहे. केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके प्लेट-स्क्रूने बांधण्याची पद्धत १९९४ साली मांडली, ती आज जगभर वापरली जाते. झिजलेल्या मानेबद्दलही त्यांचं म्हणणं असं की मूळ दोष दाबाचा नाही, अस्थिरतेचा आहे, म्हणून मणके बांधा, गादी काढायची गरज नाही. हे सगळ्यांना पटलेलं नाही. मी स्वतः दाब काढतोच. पण वाकवून काढलेल्या एक्स-रेचा आग्रह मी धरतो त्यात या विचाराचा वाटा आहे.

दादांचं काय, असं थेट विचाराल तर, न तपासता बोलतोय हे धरून: मज्जारज्जू ठीक असेल आणि हाताच्या जोरात घट नसेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत थांबा. कळ उतरत नसेल, किंवा मध्येच मनगट लुळं पडू लागलं, तर फक्त सी-५–सी-६ ची शस्त्रक्रिया. बाकीच्या दोन बल्जना 'आलोच आहोत तर' म्हणून कुणी हात घालू नये. मज्जारज्जू तिथेच दबली असेल तर पुढून गादी काढून केज, या महिन्यात. कृत्रिम गादीचा विचार एक्स-रे पाहिल्यावर. सर्जनना तीन गोष्टी विचारा: नस दबलीय की मज्जारज्जू, माझ्या लक्षणांशी कोणता जोड जुळतो, आणि नाही केलं तर काय होईल. जो न चिडता उत्तर देईल त्याच्याकडे करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. कृत्रिम गादीचा वेगळा खर्च कोण देणार तेही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दादा पुन्हा गाडी चालवू शकतील का. एका जोडाच्या शस्त्रक्रियेनंतर माझे कितीतरी चालक परत कामावर गेले आहेत. मान फिरवण्यात जो फरक पडतो तो त्यांना आरशात बघताना जाणवतही नाही. जड वाहनासाठी मी साधारण तीन महिने थांबवतो आणि एक्स-रे बघून दाखला देतो. पण तुम्ही विचारलंय ते नंतरचं, आणि मला काळजी आजची आहे. पत्रात कुठेही लिहिलेलं नाही की ते सध्या रजेवर आहेत. ज्याला पायातली चप्पल कळत नाही त्याला ब्रेकवर पाय पडलाय की क्लचवर हेही एखाद्या वळणावर कळणार नाही. हातोडीची तपासणी होईपर्यंत त्यांना स्टिअरिंगवर बसू देऊ नका. आगारात सांगून हलकं काम मागा, नाहीतर रजा टाका. आणि तो चालण्याचा व्हिडिओ उद्या सकाळीच काढा, अनवाणी.